बिनफवाऱ्याचं हळवं सफरचंद : विल्यम्स प्राइडच्या एका झाडाचे सात हंगाम

निफाडला आमच्या घरी द्राक्षाचा हंगाम दोन आकड्यांत सांगतात : माल किती टन निघाला आणि फवारे किती झाले. त्यामुळे अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या लफायेटच्या आमच्या घरामागे मी सफरचंद लावतोय आणि त्याला बुरशीनाशक मारायचं नाही असं ठरवलंय, हे आप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "बिनफवाऱ्याची बाग नसते बाबा. त्याला रान म्हणतात."

त्या झाडाची ही हकिकत. वाण विल्यम्स प्राइड, खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात तो) जी-४१, लागवड एप्रिल २०१८, नोंदी २०२४ पर्यंतच्या. एका झाडावरून कुणी शिफारस करू नये हे मला कळतं. पण तुलनेला दोन झाडं हाताशी होती. कुंपणापलीकडे शेजारच्या आजोबांचं जुनं गोल्डन डिलिशियस, आणि आमच्याच अंगणात नंतर लावलेलं गोल्डरश, जे विल्यम्स प्राइडचं चुलत भावंड म्हणायला हरकत नाही. तिन्ही झाडांवर तोच पाऊस, तेच दव, तेच किडे.

शेजारचं झाड

घर घेतलं त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी गोल्डन डिलिशियस नुसतं फुलांनी लगडलं होतं. बायको म्हणाली, यंदा सफरचंद विकत आणायला नको. मेच्या अखेरीस पानांवर हिरवट-काळपट डाग दिसायला लागले. बोट फिरवलं तर मखमलीवरून फिरवल्यासारखं वाटायचं. जूनमध्ये फळांवर खपल्या धरल्या. फळ फुगत जातं, पण खपलीखालची साल ताणली जात नाही, मग तिथेच तडा जातो आणि तड्यातून सड आत शिरते. ऑगस्टच्या मध्याला झाडाची निम्मी पानं पिवळी पडून खाली आली होती. आजोबा वर्षातून दोनदा काहीतरी फवारायचे, तेही आठवण झाली तर.

हा स्कॅब, सफरचंदाचा सगळ्यात जुना खर्च. बुरशीचं नाव व्हेंच्युरिया इनइक्वालिस. ती हिवाळा झाडावर काढत नाही, खाली पडलेल्या कुजक्या पानांत काढते. वसंतात कळ्या हिरव्या डोकवायला लागतात त्याच सुमारास पानांतले बीजाणू तयार होतात आणि पाऊस पडला की हवेत उडतात. पुढचा सगळा खेळ पान किती तास ओलं राहतं ह्यावर. कॉर्नेल विद्यापीठातल्या मिल्स यांनी १९४४ मध्ये ह्याचा तक्ता मांडला : हवा साधारण १६ ते २४ अंश असेल आणि पान सलग ९ तास ओलं राहिलं तर लागण झालीच म्हणून समजा. पुढच्या अभ्यासांत हे तास आणखी कमी निघाले. लागण झाल्यावर दीड-दोन आठवडे काहीच दिसत नाही. डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि प्रत्येक डाग स्वतः नवे बीजाणू सोडायला लागलेला असतो.

द्राक्षवाल्याला हे वाचून द्राक्षावरचा डावणी हा बुरशीचा रोग आठवेल. तसंच आहे. पान ओलं राहण्याचे तास मोजणं, अंदाज घेऊन फवारा काढणं, पावसाने धुऊन गेला की पुन्हा काढणं. इंडियानासारख्या ओल्या वसंताच्या प्रदेशात व्यापारी बागेत हंगामाला आठ-दहापासून पंधरापर्यंत बुरशीनाशकाचे फवारे सहज होतात. काश्मीर खोऱ्याने ह्याच रोगाची मोठी साथ १९७३ मध्ये पाहिली, पुढच्या दशकात हिमाचलने पाहिली, आणि तिथली फवारणीची वेळापत्रकं तेव्हापासून स्कॅबभोवतीच फिरतात.

मला घरच्या एका झाडासाठी हे करायचं नव्हतं. मुलं लहान होती, अंगण खेळायचं होतं.

हळवं का?

कोकणातल्या भातवाल्याला हळवं आणि गरवं हा फरक समजवावा लागत नाही. पाऊस लवकर आटोपला तरी हळवं भात पदरात पडतं, गरव्याचं तोंडचं जातं. सफरचंदातही लवकर पिकणारी आणि उशिरा पिकणारी वाणं आहेत, आणि रोगाच्या बाबतीत लवकर पिकणं हाही एक प्रकारचा बचावच असतो. जुलैच्या अखेरीस ज्या झाडाचं फळ घरात आलं, त्याला ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट रात्री काढाव्या लागत नाहीत. सालीवर काजळी धरणं, माशीने घाण केल्यासारखे बारीक काळे ठिपके पडणं, शेवटी-शेवटी येणारी फळकूज ही सगळी त्या दिवसांची दुखणी.

पण हळव्या सफरचंदांची बाजारात पत नाही, आणि ती उगाच गेलेली नाही. यलो ट्रान्सपरंट, लोडी ही जुनी उन्हाळी सफरचंदं झाडावरून काढल्यापासून चार-सहा दिवसांत पिठूळ होतात. भर उन्हाळ्यात पिकणारं फळ इथिलीन हा पिकवणारा वायू जोरात सोडतं, पिष्टाची साखर भराभर होते, गर सैल पडतो. लवकर येणारं आणि तरीही करकरीत, असं वाण हवं होतं. त्यावर स्कॅब न येणारं. ही यादी घेऊन बसलं की नावं चार-पाचच उरतात : रेडफ्री, प्रिस्टीन, विल्यम्स प्राइड आणि आणखी एखाद-दुसरं. त्यातली ही तीन एकाच घराण्यातली, आणि ते घराणं आमच्या घरापासून नदीपलीकडे, वेस्ट लफायेटला.

घराणं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इलिनॉय विद्यापीठात क्रँडल नावाचे संशोधक रानटी आणि लागवडीची सफरचंदं एकमेकांत संकरित करत बसले होते. त्यांनी मॅलस फ्लोरिबुंडा ह्या जपानी शोभेच्या सफरचंदाच्या ८२१ क्रमांकाच्या झाडाचा रोम ब्युटीशी संकर केला. फ्लोरिबुंडाची फळं वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, तोंडात घातली तर थुंकून टाकावीत अशी. क्रँडल काही रोगाच्या मागे नव्हते. रोपं वाढत राहिली. १९४०च्या दशकात एल. एफ. हफ यांच्या लक्षात आलं की आजूबाजूला स्कॅबने थैमान घातलेलं असताना ह्या संकराच्या नातवंडांपैकी काही झाडांची पानं स्वच्छ आहेत. १९४५च्या सुमारास वेस्ट लफायेटच्या पर्ड्यू विद्यापीठातले रोगशास्त्रज्ञ जे. आर. शे आणि हफ यांनी हातमिळवणी केली, पुढे न्यू जर्सीचं रटगर्स विद्यापीठ आलं, आणि पर्ड्यू-रटगर्स-इलिनॉय असा तिघांचा सहकार उभा राहिला. इंग्रजी आद्याक्षरं पी, आर, आय.

ह्या तीन अक्षरांचा त्यांना भारी लळा. १९७०चं पहिलं वाण प्रिमा, मग प्रिसिला, प्रिस्टीन. एंटरप्राइझ आणि विल्यम्स प्राइड यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्येही ती सलग येतात. मला हे कळलं तेव्हा बारशाला आत्याबाईंनी हट्टाने एकाच अक्षरावरून नावं ठेवत जावं तसं वाटलं.

काम मात्र चिकाटीचं होतं. प्रतिकार एकाच प्रभावी जनुकामुळे येतो, त्याला व्हीएफ म्हणत. त्यामुळे प्रत्येक संकरात साधारण निम्मी रोपं प्रतिकारक निघतात. काचघरात कोवळ्या रोपांवर बुरशीचे बीजाणू शिंपडायचे, काही आठवड्यांत डाग पडलेली रोपं फेकून द्यायची, उरलेली शेतात लावायची आणि फळ येईपर्यंत वर्षानुवर्षं वाट बघायची. प्रत्येक पिढीत पुन्हा चांगल्या सफरचंदाशी संकर, दर वेळी वेगळ्या, म्हणजे रानटी आजीचं बारकं, तुरट फळ मागे पडावं आणि जनुक तेवढं पुढे यावं. विल्यम्स प्राइड १९८८ मध्ये बाहेर आलं. नाव हा कार्यक्रम बरीच वर्षं चालवणाऱ्या एडविन विल्यम्स यांचं.

कागदावर त्याचे गुण असे : स्कॅब येत नाही, सीडर झाडावरून येणारा तांबेरा येत नाही, फायर ब्लाइटला चांगला प्रतिकार, भुरी ह्या बुरशीरोगाला मध्यम. फळ जुलैच्या शेवटी ते ऑगस्टच्या सुरुवातीला. फ्रीजमध्ये महिना-दीड महिना टिकतं, हळव्याच्या मानाने हे खूपच झालं. दोष दोन लिहिलेले होते. एक, फळ एका दमात पिकत नाही, तोडे करावे लागतात. दुसरा, कोवळ्या जोमदार झाडावर 'बिटर पिट'. हा दुसरा मी वाचला आणि पुढे गेलो.

खुंट मोडला

पहिलं झाड खरं तर २०१७ मध्येच लावलं होतं. एका नर्सरीतून टपालाने आलं, काठीएवढं, मुळांना ओला भुसा गुंडाळलेला. खुंट मी मागितला होता तोच, जी-४१.

ह्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे द्राक्षात डॉगरिज खुंटावर घरोघरी चर्चा होते तशी सफरचंदात व्हायला हवी आणि हौशी माणूस ती करत नाही. फायर ब्लाइट हा जिवाणूचा रोग. वनस्पतींना जिवाणूमुळे रोग होतो हेच मुळी पहिल्यांदा ह्या रोगावरून, १८८०च्या सुमारास इलिनॉयमध्ये थॉमस बरिल यांनी दाखवलं. फुलोऱ्यात ऊबदार पाऊस झाला की तो फुलांतून शिरतो, शेंडे जळल्यासारखे काळे होऊन वाकतात. वाण प्रतिकारक असलं तरी खाली एम-९ किंवा एम-२६ खुंट असेल तर खुंटच मरतो, आणि मग वरच्या शहाण्या वाणाचा उपयोग काय? न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या मालिकेतले खुंट ह्यासाठीच काढले, जी-४१ त्यातला.

जी-४१ची एक खोड नर्सरीने सांगितली नाही आणि मीही विचारली नाही : कलमाचा जोड कोवळेपणी ठिसूळ असतो. जूनमध्ये संध्याकाळी वादळ आलं. सकाळी झाड जोडावर काकडी मोडावी तसं स्वच्छ मोडून आडवं पडलेलं. तंतूसुद्धा लोंबत नव्हता. आप्पांना फोटो पाठवला. त्यांनी एकच विचारलं, "बांबू नव्हता का लावला?"

२०१८च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच वाण, तोच खुंट, पण आधी लोखंडी खांब ठोकला, मग खड्डा केला. तीन ठिकाणी सैल बांधलं. आजही खांब तिथेच आहे.

परागीकरणाची काळजी करावी लागली नाही. सफरचंदाला दुसऱ्या वाणाचे पराग लागतात, पण आमच्या रस्त्यावर शोभेची क्रॅबॲपलची, म्हणजे बारक्या सफरचंदांची, झाडं ओळीने आहेत आणि मधमाश्या काही कुंपण मानत नाहीत.

२०२० : माझं शेणखत

२०१९ मध्ये आलेली फुलं खुडली. २०२० मध्ये पहिलं पीक धरायचं होतं. मुळांना दम यावा म्हणून आदल्या शरद ऋतूत आणि पुन्हा मार्चमध्ये मी बुंध्याभोवती कुजलेलं शेणखत घातलं. किती? चार-चार घमेली. निफाडच्या माणसाचा हात खताला आखडत नाही. झाडाने त्या वर्षी हातभर लांबीचे, अंगठ्याएवढे जाड फुटवे काढले, पानं काळीभोर हिरवी. मी खूश.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, फुलं गळून बोरांहून बारीक फळं धरलेली असताना, रात्री पारा शून्याखाली गेला. बरीच फळं गळली. उरली ३१.

ती ३१ फळं मोठी झाली, रंग धरला, आणि जुलैच्या मध्याला सालीवर, खासकरून देठाच्या विरुद्ध टोकाकडे, बारीक खळगे दिसायला लागले. गर्द लाल फळावर तपकिरी, टाचणीच्या डोक्याएवढे. मला आधी वाटलं गारपीट. मग वाटलं किडा. फळ कापलं तर खळग्याखालचा गर बुचासारखा कोरडा आणि कडू. ३१ पैकी १९ फळांवर हे होतं. म्हणजे मी वाचून पुढे गेलो होतो तोच बिटर पिट.

ही बुरशी नाही, जंतू नाही. फळाला कॅल्शियम कमी पडतं. जमिनीत असतं, पण ते पाण्याबरोबर वर जातं आणि जिथून जास्त बाष्प उडतं तिथे, म्हणजे जोमाने वाढणाऱ्या पानांत, जास्त जातं. फळाच्या वाट्याला थोडं येतं. झाडावर फळं कमी असली की प्रत्येक फळ मोठं होतं आणि ते थोडं आणखी पातळ पसरतं. नत्र जास्त, फुटवे जास्त, फळं कमी : तिन्ही मी आणि त्या थंडीने मिळून जमवून आणलं होतं. सगळ्या रोगांना पुरून उरलेलं झाड आणि त्याला आजारी पाडलं ते लाडाने.

२०२१ पासून खत पूर्ण बंद. गवताचा पाला आच्छादन म्हणून, बाकी काही नाही. छाटणी हिवाळ्यात कमी केली, जोमदार उभे फुटवे उन्हाळ्यात काढले. फुलगळीनंतर तीन आठवड्यांनी सुरू करून दोन-दोन आठवड्यांनी कॅल्शियम क्लोराइडचं पातळ पाणी फवारलं, सकाळी लवकर, कारण उन्हात पानांच्या कडा जळतात. (हा फवारा आप्पांनी फवाऱ्यात धरला, मी धरला नाही. वाद अजून चालू आहे.) त्या वर्षी ६४ फळं धरली, खळगे ७ फळांवर. २०२२ मध्ये शोधून सापडावीत इतपत.

प्रतिकारक म्हणजे किड्यांना नाही

दुकानात पाटीवर 'रोगप्रतिकारक' लिहिलेलं असतं आणि घेणारा 'काही होत नाही' असं वाचतो. आमच्या झाडावर सात वर्षांत स्कॅबचा एकही डाग नाही, तांबेऱ्याचा नाही, फायर ब्लाइटने एकही शेंडा गेला नाही. त्याच झाडावर किड्यांनी मात्र मेजवानी केली.

पहिला येतो प्लम कर्क्युलिओ, सोंडेचा एक बारका भुंगा. पाकळ्या गळल्या की लगेच. फळावर नखाने उमटवावी तशी अर्धचंद्राची खूण करून आत अंडं घालतो. मग कॉडलिंग मॉथची अळी, जी बियांपर्यंत बोगदा काढते आणि फळाबाहेर भुशाचा ढिगारा ठेवते. अशी किडकी फळं आठ-पंधरा दिवस आधीच रंगतात आणि गळतात. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, वा, जुलैच्या पहिल्या आठवड्यातच पिकायला लागलं!

लवकर पिकण्याचा इथे काही अंशी फायदा होतो. कॉडलिंग मॉथची दुसरी पिढी जोरात येते तोवर आमची बरीच फळं घरात आलेली असतात, गोल्डन डिलिशियसची अजून दीड-दोन महिने झाडावर असतात. पण सफरचंदाच्या फळमाशीच्या बाबतीत उलटं घडतं. ती जूनच्या शेवटी जमिनीतून बाहेर येते आणि तिला मऊ पडायला लागलेली, गोडसर, हळवी फळंच आधी आवडतात. जपानी भुंगेही त्याच सुमारास. हिरवट तांब्यासारखे चमकणारे, एका फळावर आठ-आठ बसलेले. सकाळी थंडीत ते सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकायचे, ही आमच्या धाकट्याची कामगिरी, दहा भुंग्यांना एक नाणं.

उपाय दोन ठरले. पाकळ्या गळल्यावर केओलिन मातीचा पांढरा लेप दोन-तीनदा, त्याने भुंगा गोंधळतो. आणि फळ सुपारीएवढं झालं की विरळणी करून प्रत्येक फळाला पिशवी. छोट्या झिपच्या पारदर्शक पिशव्या, खालचे दोन्ही कोपरे पाणी निघायला कापलेले.

विरळणी मला शेवटपर्यंत जड गेली. एका घोसात पाच फळं असतात, चार काढून टाकायची. वीतभर अंतरात एकच. तो खाली पडलेला हिरव्या पिल्लावळीचा गालिचा बघून जीव तुटतो. विरळणी न केल्याने पुढच्या वर्षी फूल कमी येतं, फांद्या मोडतात, हे सगळं माहीत असूनही.

२०२३ : आप्पा

जूनच्या पहिल्या आठवड्यात आप्पा-आई आले. आप्पांनी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, पान उलटून पाहिलं, आणखी एक उलटून पाहिलं, खिशातून भिंग काढलं. द्राक्षात भुरी शोधायची सवय. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कुंपणापलीकडचं पान तोडून आणलं आणि दोन्ही शेजारी-शेजारी धरली.

पिशव्या घालायला दोघं बसलो. निफाडला घडांवर ऊन-थंडीने गुलाबी छटा येऊ नये म्हणून रद्दी पेपर गुंडाळतात, त्यामुळे त्यांचा हात बसलेला. माझी एक होईपर्यंत त्यांच्या तीन होत. १४३ पिशव्या. "एवढ्या फवाऱ्याला लागला नसता एवढा वेळ गेला," हे त्यांनी सांगून टाकलं आणि ते खरंच होतं. एका झाडाला हे जमतं. एकराला जमणार नाही.

तोडे चार झाले : २८ जुलै, २ ऑगस्ट, ८ ऑगस्ट आणि १४ ऑगस्ट. विल्यम्स प्राइड लाल दिसायला लागतं ते पिकण्याच्या बरंच आधी, त्यामुळे रंगावर जाऊन चालत नाही. देठाजवळचा हिरवा भाग पिवळट झाला की घ्यायचं. खात्रीसाठी आम्ही स्वयंपाकघरात आयोडीन लावून पाहिलं. आडवं कापून फोडीवर थेंब टाकले : पहिलं फळ जवळजवळ सगळं निळं-काळं झालं, म्हणजे पिष्ट अजून शिल्लक. दुसऱ्यात मधली चांदणी पांढरी राहिली आणि कडेला निळं वर्तुळ. हे बरोबर. आईने ती चकती फेकली नाही, ओट्यावर दोन दिवस ठेवली, शेजारणीला दाखवायला.

फळ जांभळ्याकडे झुकणारं गर्द लाल, सालीखाली गराला कुठेकुठे गुलाबी पाझर. आधी आंबट, मग गोड. दुकानातल्या 'गाला' सफरचंदापेक्षा चव तिखट, म्हणजे ठसठशीत. काही फळांत गाभ्याभोवती काचेसारखा पाणीदार गर निघाला. ही पाणसल जास्त पिकू दिल्यामुळे, चौथ्या तोड्यातली. ती गोड लागते पण टिकत नाही, आईने त्यांचा मुरंबा केला. एकूण भरली २१ किलो. फ्रीजमधलं शेवटचं फळ १७ सप्टेंबरला खाल्लं, तेव्हा करकरीतपणा निम्मा उरला होता.

मग हे दुकानात का मिळत नाही, असं आप्पांनी विचारलं. चार वेळा मजूर लावून एक झाड तोडायचं, महिन्याभरात विकायचं, आणि तेही अशा वेळी की शीतगृहातलं वर्षभराचं गाला शेजारी स्वस्तात पडलेलं आहे. गिऱ्हाईक नाव बघून घेतं. रोग न येणं हा गुण गिऱ्हाइकाला खाताना लागत नाही. मला वाटतं हे झाड परसातलं आहे आणि रस्त्याकडेच्या छोट्या स्टॉलचं. त्याहून मोठं करायला जाऊ नये.

निफाडला लावू का, हेही विचारून झालं. नाही. ह्याला लांबलचक थंडी लागते. महाराष्ट्रात जे हौशी लोक सफरचंद लावतायत ते हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांचं एचआरएमएन-९९ किंवा अ‍ॅनासारखी कमी थंडीची वाणं लावतात. तीही हळवीच, उन्हाळ्यात येणारी. शर्मांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. ती गोष्ट वेगळी आणि स्वतंत्रपणे सांगण्यासारखी.

जनुक एकटं आहे

गोल्डरशची आठवण इथे. तेही पर्ड्यूच्याच घराण्यातलं, तेच व्हीएफ जनुक, पण गरवं, ऑक्टोबरच्या अखेरीचं. त्याच्यावर स्कॅब येत नाही. तांबेरा मात्र असा येतो की पानं हळदीकुंकू वाहिल्यासारखी दिसतात. आमच्या गल्लीच्या टोकाला रानटी सीडर आहेत. एप्रिल-मेच्या पावसात त्यांच्या फांद्यांवरच्या तपकिरी गाठींतून नारिंगी, जेलीसारखी शिंगं बाहेर येतात, विचित्र फुलासारखी, हात लावला तर बुळबुळीत. त्यातून उडणारे बीजाणू सफरचंदावर येतात. दोन झाडांमध्ये १२ फूट अंतर, एकावर शेकडो डाग, दुसऱ्यावर शून्य. स्कॅबचं जनुक आणि तांबेऱ्याचा प्रतिकार ह्या वेगळ्या गोष्टी आहेत हे ह्याहून स्वच्छ मला कुणी दाखवलं नसतं.

आणि स्कॅबचं जनुक एकच आहे, हीच खरी अडचण. जर्मनीत आहरेन्सबुर्ग इथे व्हीएफवर मात करणारी बुरशीची जात सापडल्याचं १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. तिला सहावी जात म्हणतात. मग युरोपात इतरत्र दिसली. उत्तर अमेरिकेतल्या बुरशीचे नमुनेही फ्लोरिबुंडा ८२१ चा प्रतिकार मोडू शकतात, हा अहवाल २०२० चा. एका कुलपावर अर्धं शतक कितीतरी वाणं उभी राहिली, कुणीतरी किल्ली काढणारच होतं. म्हणून आता पैदासकार दोन-तीन वेगळी जनुकं एका झाडात आणायच्या मागे आहेत, आणि ज्यांच्याकडे जुनं कुलूप आहे त्यांना सल्ला असा की वसंतात एक-दोन फवारे तरी काढा, पानं साफ ठेवा, बुरशीला सराव करायला जागा देऊ नका.

मे २०२४ मध्ये विल्यम्स प्राइडच्या खालच्या फांदीवर मला एक डाग दिसला. पोटात खड्डा पडला. आप्पा भिंग इथेच विसरून गेले होते, ते घेऊन बसलो. डाग गोल, मधे फिकट तपकिरी, कडेला जांभळी रेघ, बेडकाच्या डोळ्यासारखा. मखमल नाही. दुसरीच बुरशी होती, वाळक्या लाकडावर आणि झाडावरच सुकून राहिलेल्या फळांवर जगणारी. वर पाहिलं तर हिवाळ्यात कापायची राहिलेली एक मेलेली काडी, आणि तिच्या टोकाला गेल्या वर्षीचं काळं, आक्रसलेलं फळ. काढून टाकलं.

नोव्हेंबरमध्ये आमच्याकडची पानं मी गवतकापणीच्या यंत्राने बारीक केली. आजोबांना विचारून त्यांच्या झाडाखालचीही केली, कारण सगळे बीजाणू तिथूनच येतात. आणि कळ्या हिरव्या होताना एक, फुलोऱ्याआधी एक असे गंधकाचे दोन फवारे काढायचं ठरवलं. हे आप्पांना फोनवर सांगितलं.

"गंधक कोणतं?" त्यांनी लगेच विचारलं. "ऐंशी टक्क्याचं का?"